मॉर्मन लोकांबद्दल एवढा राग का? काल आणि आज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यूटा, आयडाहो, ॲरिझोना या भागांत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांना मॉर्मन शेजारी हमखास भेटतात. शेजारी म्हणून ते बहुधा अगत्यशील असतात. तरीही अमेरिकेतलेच दुसरे लोक त्यांच्याविषयी कुत्सितपणे, कधी कधी उघड तिरस्काराने बोलतात. असं का, हा प्रश्न मग साहजिकच पडतो. त्याचं उत्तर जवळजवळ दोनशे वर्षांच्या इतिहासात आहे.

मॉर्मन म्हणजे नेमके कोण?

१८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाने स्थापन केलेल्या पंथाचे अनुयायी. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा प्राचीन मजकूर आपण दैवी साहाय्याने भाषांतरित केला, असं स्मिथचं सांगणं होतं. ‘बुक ऑफ मॉर्मन’ नावाचा तो ग्रंथ त्याच वर्षी पाल्मायरा गावात छापून निघाला आणि त्यावरूनच लोकांनी या मंडळींना मॉर्मन हे नाव दिलं. आज मुख्य संस्थेचं केंद्र सॉल्ट लेक सिटीत आहे आणि जगभरात पावणेदोन कोटींच्या घरात सदस्यांची नोंद आहे. हे टोपणनाव वापरू नका, ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पूर्ण नाव वापरा, अशी विनंती संस्थेने २०१८ पासून केली आहे. वाचकांना ओळखीचं म्हणून इथे जुनंच नाव ठेवलं आहे.

सुरुवातीलाच लोक एवढे का बिथरले?

पहिलं कारण धर्माचं. सध्याची सगळी चर्चं वाट चुकलेली आहेत, देव पुन्हा बोलू लागला आहे आणि तो माझ्याशी बोलतो, असा स्मिथचा दावा होता. बायबलच्या जोडीला नवा ग्रंथ आणणं ही शेजारच्या पाद्र्यांच्या दृष्टीने सरळसरळ निंदा होती. त्यातच जमिनीत पुरलेलं धन शोधून देणारा पोरगा म्हणून स्मिथची गावात ओळख होती. १८२६ मध्ये त्यावरून त्याला न्यायाधीशापुढे उभंही राहावं लागलं होतं. ज्याला कालपर्यंत हंडे शोधताना पाहिलं तो आज प्रेषित झाला, हे गावकऱ्यांच्या पचनी पडणं कठीणच होतं.

ओहायोत गेल्यावर पैशाचा वाद जोडला गेला. कर्टलंड गावात त्यांनी १८३७ मध्ये काढलेली पतसंस्था वर्षभरातच बुडाली. त्या वर्षी देशभर बँका कोसळत होत्या हे खरं, पण ज्यांचे पैसे गेले त्यांनी प्रेषितालाच जबाबदार धरलं. त्याआधी १८३२ च्या मार्चमध्ये जमावाने रात्री स्मिथला घरातून ओढून काढलं, अंगाला डांबर फासलं आणि वर पिसं चिकटवली.

धर्ममतं विचित्र वाटली एवढ्याने मात्र पुढचं सगळं उलगडत नाही. त्या काळात अमेरिकेत नव्या पंथांचं पेव फुटलं होतं. शेकर मंडळी आजन्म ब्रह्मचर्य पाळत होती. मिलरच्या अनुयायांनी १८४४ साठी जगबुडीची तारीख ठरवून ठेवली होती. लोक त्यांना हसले, क्वचित दगडही मारले; पण बंदुका घेऊन राज्याबाहेर हाकललं नाही. ते मॉर्मनांच्या वाट्याला आलं, कारण ते एकगठ्ठा राहत, एकगठ्ठा जमीन घेत आणि एकगठ्ठा मत देत. माझ्या मते या वैराची किल्ली इथेच आहे.

मिसूरीत नेमकं काय झालं?

मिसूरीच्या जॅक्सन काउंटीत देवाचं नवं नगर वसणार, असं स्मिथने १८३१ मध्ये जाहीर केलं आणि अनुयायांची रीघ लागली. दोन वर्षांत तिथे सुमारे १२०० मॉर्मन झाले, म्हणजे काउंटीतला जवळजवळ दर तिसरा माणूस. ही भूमी देवाने आम्हाला वारसाहक्काने दिली आहे, असं त्यांतले काही जण उघड बोलत. तिथे आधीपासून शेती करणाऱ्यांच्या कानांवर हे पडल्यावर त्यांना काय वाटलं असेल, वेगळं सांगायला नको. शिवाय मिसूरी हे गुलाम बाळगणारं राज्य आणि मॉर्मन बहुतेक उत्तरेकडून आलेले. त्यांच्या वर्तमानपत्रात स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी राज्यात येण्याविषयीचे नियम छापून आले, तेव्हा हे आमच्या गुलामांना फितवणार, अशी आवई उठली. स्थानिकांनी सह्या करून काढलेल्या पत्रकात खरी भीती स्पष्टच मांडली होती: हे असेच वाढत राहिले तर थोड्याच दिवसांत न्यायाधीश, शेरीफ सगळे त्यांचेच होतील.

२० जुलै १८३३ रोजी जमावाने इंडिपेन्डन्स गावातला त्यांचा छापखाना उद्ध्वस्त केला. बिशप एडवर्ड पार्ट्रिज यांना चौकात आणून डांबर फासलं. छापखान्याच्या खिडकीतून नव्या धर्मग्रंथाचे सुटे कागद खाली फेकले जात होते. मेरी एलिझाबेथ आणि कॅरोलाइन रॉलिन्स या दोन किशोरवयीन बहिणींनी ते मिळतील तेवढे ओंजळीत गोळा केले, जवळच्या मक्याच्या शेतात धूम ठोकली आणि माणसं शोधत असताना कागदांवर पालथं पडून राहिल्या. त्या कागदांतून बांधलेल्या मोजक्या प्रती आजही जपून ठेवलेल्या आहेत. नोव्हेंबरात सगळ्यांना काउंटी सोडावी लागली.

१८३८ मध्ये दुसरा भडका उडाला आणि या वेळी दोन्हीकडून काड्या टाकल्या गेल्या. ४ जुलैच्या भाषणात सिडनी रिग्डन या मॉर्मन नेत्याने, पुन्हा आमच्या वाटेला गेलात तर ते संहाराचं युद्ध होईल, अशी गर्जना केली. मॉर्मनांची डॅनाइट नावाची गुप्त टोळी उभी राहिली. ६ ऑगस्टला गॅलाटिन गावात मॉर्मनांना मतदान करण्यापासून अडवल्यावरून मारामारी झाली. ऑक्टोबरात मॉर्मन तुकडीने त्याच गॅलाटिनमध्ये लुटालूट आणि जाळपोळ केली. एका चकमकीच्या फुगवलेल्या बातम्या गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांच्यापर्यंत पोचल्या आणि २७ ऑक्टोबरला त्यांनी हुकूम काढला: मॉर्मनांना शत्रू समजावं, त्यांचा समूळ नायनाट करावा किंवा राज्याबाहेर हाकलावं.

तीन दिवसांनी हॉन्स मिल या छोट्या वस्तीवर दोनशेहून जास्त हत्यारबंद माणसं चालून आली. बायका-मुली ओढ्यापलीकडच्या झाडीत पळाल्या. पुरुष आणि काही मुलगे लोहाराच्या दुकानात शिरले. दुकान ओंडक्यांचं होतं आणि ओंडक्यांमध्ये रुंद फटी होत्या. हल्लेखोरांनी त्या फटींतून नळ्या आत घालून गोळ्या झाडल्या. दहा वर्षांचा सार्डियस स्मिथ लोहाराच्या भात्याखाली लपला होता. त्याला शोधून डोक्यात गोळी घालण्यात आली. एकूण सतरा जण मेले. वाचलेल्यांनी घाईघाईने प्रेतं अर्धवट खणलेल्या विहिरीत टाकून वर माती आणि गवत लोटलं.

आठ-दहा हजार माणसं त्या हिवाळ्यात मिसूरी सोडून गेली. जोसेफ स्मिथला चौकात गोळ्या घालण्याचा हुकूम सुटला होता. तो अलेक्झांडर डॉनिफन या मॉर्मन नसलेल्या सेनाधिकाऱ्याने, हा थंड डोक्याने केलेला खून ठरेल म्हणत, धुडकावून लावला. बॉग्ज यांचा हुकूम औपचारिकरीत्या मागे घेतला गेला तो थेट १९७६ मध्ये.

म्हणजे मूळ कारण अनेक बायका करणं हे नव्हतं?

मिसूरीत नव्हतं. तेव्हा बहुपत्नीत्वाची चाल जाहीर झालीच नव्हती. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून ठासून सांगावंसं वाटतं.

पुढे इलिनॉयमधल्या नॉवू शहरात मात्र हा मुद्दा आत आला, तोही चोरपावलांनी. मिसूरीतून हाकललेल्यांना इलिनॉयच्या क्विन्सी गावाने मोठ्या मनाने आसरा दिला होता. पाच वर्षांत नॉवूची वस्ती १२,००० च्या आसपास, त्या वेळच्या शिकागोच्या बरोबरीला गेली. शहराला राज्याने दिलेली सनद फारच सैल होती: स्वतःचं न्यायालय, स्वतःचं सशस्त्र दल. स्मिथ एकाच वेळी प्रेषित, महापौर, त्या दलाचा सेनापती आणि १८४४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता. १८४३ च्या काँग्रेस निवडणुकीत मॉर्मनांची गठ्ठा मतं ऐन वेळी एका पक्षाकडून दुसऱ्याकडे फिरली. त्यामुळे हरलेला पक्ष पेटला आणि जिंकलेल्याचाही विश्वास उडाला.

आतल्या वर्तुळात स्मिथने गुपचूप अनेक विवाह केले होते. संस्थेने स्वतः २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा आकडा तीस ते चाळीस असावा असं मान्य केलं आहे. त्यांतली सर्वांत लहान मुलगी पंधरा वर्षांचीही पूर्ण नव्हती. त्याचाच एके काळचा सहकारी विल्यम लॉ आणि इतरांनी ७ जून १८४४ रोजी ‘नॉवू एक्सपोझिटर’ नावाचं वर्तमानपत्र काढून हे चव्हाट्यावर आणलं. त्याचा हा पहिला आणि शेवटचा अंक. तीन दिवसांत नगर परिषदेने ते उपद्रव ठरवलं आणि महापौर स्मिथच्या हुकमावरून छापखाना फोडून छपाईचे खिळे रस्त्यावर फेकले. अकरा वर्षांपूर्वी स्वतःचा छापखाना फोडलेला पाहणाऱ्या समाजाने हे करावं, याचं वाईट वाटतं. शेजारच्या गावांना निमित्त हवंच होतं.

स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम यांनी कार्थेजच्या तुरुंगात स्वतःला हवाली केलं. गव्हर्नर थॉमस फोर्ड यांनी सुरक्षिततेचा शब्द दिला होता. २७ जूनच्या संध्याकाळी तोंडाला काळं फासलेला जमाव जिना चढून वर आला. हायरम दारामागेच मेला. आत पोचवलेल्या छोट्या पिस्तुलातून जोसेफने काही गोळ्या झाडल्या आणि तो खिडकीतून खाली कोसळला. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी पाच जणांवर खटला चालला आणि पाचही निर्दोष सुटले.

एवढ्या लांब यूटात गेल्यावरही पाठलाग का थांबला नाही?

ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली पहिले तांडे १८४७ च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. तो मुलूख तेव्हा मेक्सिकोचा होता. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेकडे आला. १८५२ मध्ये त्यांनी बहुपत्नीत्व उघडपणे आपल्या धर्माचा भाग म्हणून जाहीर केलं आणि साऱ्या देशाला बोट दाखवायला जागा मिळाली. रिपब्लिकन पक्षाने १८५६ च्या जाहीरनाम्यात गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व यांना रानटीपणाचे जुळे अवशेष म्हटलं. १८५७ मध्ये अध्यक्ष ब्युकॅनन यांनी यूटावर सैन्य धाडलं.

सैन्य येतंय या धास्तीच्या दिवसांतच मॉर्मन इतिहासातलं सर्वांत काळं पान लिहिलं गेलं. दक्षिण यूटातल्या माउंटन मेडोज इथे आर्कान्सातून कॅलिफोर्नियाला चाललेल्या प्रवाशांच्या तांड्याला मॉर्मन सशस्त्र दलाने काही पायूट आदिवासींना हाताशी धरून वेढा घातला. ११ सप्टेंबर १८५७ रोजी पांढरं निशाण दाखवून, सुखरूप नेतो असं सांगून, त्यांना शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि चालवत नेऊन मारलं. सुमारे १२० स्त्री-पुरुष आणि मुलं. बोलून साक्ष देऊ शकणार नाहीत अशी सतरा लहानगी तेवढी सोडली. दोष आदिवासींवर ढकलला गेला. शिक्षा झाली ती एकट्या जॉन डी. ली याला, वीस वर्षांनी. मॉर्मनांवरच्या अन्यायाची कथा सांगताना हे हत्याकांड गाळणारा माणूस प्रामाणिक नव्हे.

सरकारने बहुपत्नीत्व कसं मोडून काढलं? त्यात भारताचा उल्लेख येतो तो कसा?

१८६२ चा पहिला कायदा कागदावरच राहिला. मग ब्रिगम यंग यांचे सचिव जॉर्ज रेनॉल्ड्स यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १८७९ च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती वेट यांनी दोन दाखले दिले: धर्माच्या नावाने कुणी नरबळी दिला तर सरकारने गप्प बसायचं का? पतीच्या चितेवर जळणं हा आपला धर्म आहे असं एखादी स्त्री मानत असेल, तर तिला अडवायचं नाही का? सतीबंदीला तेव्हा पन्नास वर्षं होत होती. त्याच निकालात, बहुपत्नीत्व हे आशियाई आणि आफ्रिकी लोकांचं वैशिष्ट्य आहे, युरोपीय राष्ट्रांना ते नेहमीच घृणास्पद वाटत आलं आहे, असंही म्हटलं आहे. मॉर्मन बहुतेक गोरे, न्यू इंग्लंडमधले किंवा ब्रिटनहून आलेले. तरी त्यांना परकं ठरवताना आपल्याकडच्या लोकांची उपमा कामाला आली, हे भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुढे १८८२ आणि १८८७ च्या कायद्यांनी हजाराहून अधिक पुरुष तुरुंगात गेले, नेते भूमिगत झाले, संस्था कायद्याने विसर्जित करून तिची मालमत्ता जप्त झाली. अखेर १८९० मध्ये विल्फर्ड वुडरफ यांनी असे विवाह थांबवण्याचं जाहीर केलं आणि १८९६ मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाला.

या सगळ्यात मॉर्मन स्त्रियांना काय वाटत होतं?

बाहेरचे त्यांना गुलाम समजत, पण त्यांचं म्हणणं सरळ नव्हतं. १८७० च्या जानेवारीत सॉल्ट लेक सिटीत हजारो स्त्रियांनी जमून बहुपत्नीत्वविरोधी विधेयकाचा निषेध केला. त्याच वर्षी यूटातल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. त्या या चालीविरुद्ध मतदान करतील अशी बाहेरच्यांना आशा होती. ती फोल ठरल्यावर १८८७ च्या कायद्याने तो हक्कच काढून घेतला. स्त्रियांच्या सुटकेसाठी म्हणून केलेल्या कायद्याने स्त्रियांचं मत हिरावून घ्यावं, ही विसंगती मला आजही खुपते. अर्थात त्या विवाहांत अनेक जणी दुःखी होत्या आणि त्यांतल्या काहींनी तसं लिहूनही ठेवलं आहे.

१८९० नंतर तरी लोक निवळले का?

हळूहळू. जाहीर बंदीनंतरही काही नेत्यांनी गुपचूप असे विवाह लावले, त्यामुळे शब्दावर विश्वास राहिला नाही. यूटाचे मॉर्मन सिनेटर रीड स्मूट यांच्या निवडीवर १९०४ ते १९०७ अशी तीन वर्षं सुनावणी चालली. १९०४ मध्ये संस्थेने दुसरं जाहीरपत्रक काढलं आणि त्यानंतर असं लग्न करणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवला जाऊ लागला.

कथा-कादंबऱ्यांनी मात्र जुनं चित्र जिवंत ठेवलं. शेरलॉक होम्सची १८८७ मधली पहिली कहाणीच मुली पळवणाऱ्या क्रूर मॉर्मनांभोवती रचलेली आहे. कित्येक मराठी वाचकांना हा शब्द पहिल्यांदा तिथेच भेटला असेल.

टीव्हीवर दिसणारे अनेक बायकांचे मॉर्मन कोण?

मुख्य संस्थेतून फुटलेले छोटे गट. त्यांतल्या सर्वांत कुप्रसिद्ध गटाचा म्होरक्या वॉरन जेफ्स याला अल्पवयीन मुलींवरील अत्याचारासाठी २०११ मध्ये टेक्सासमध्ये जन्मठेप झाली. मुख्य संस्थेचा त्यांच्याशी संबंध नाही.

इतर ख्रिस्ती त्यांना ख्रिस्ती का मानत नाहीत?

मॉर्मन येशूला तारणहार मानतात, पण त्रिएकत्वाची पारंपरिक कल्पना मानत नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन वेगळे, असं त्यांचं म्हणणं. माणूसही देवत्वाकडे वाढू शकतो, ही शिकवण इतरांना पाखंड वाटते. मॉर्मनांचा बाप्तिस्मा वैध नाही, असा निर्णय व्हॅटिकनने २००१ मध्ये दिला. २०११ मध्ये मॉर्मन असलेले मिट रॉम्नी अध्यक्षपदाच्या शर्यतीत असताना एका प्रसिद्ध बाप्टिस्ट पाद्र्याने त्यांच्या धर्माला उघडपणे कल्ट म्हटलं. म्हणजे उजव्या विचारांचे लोक धर्मासाठी नाराज आणि डावे राजकारणासाठी. दोन्हीकडून दूर लोटला जाणारा असा समाज अमेरिकेत विरळाच.

कृष्णवर्णीयांबाबत त्यांच्यावर होणारा आरोप खरा आहे का?

खरा आहे. ब्रिगम यंग यांनी १८५२ मध्ये जाहीर केलेल्या धोरणामुळे आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना पौरोहित्य आणि स्त्री-पुरुष दोघांनाही मंदिरातले मुख्य विधी नाकारले गेले. स्मिथच्या हयातीत एलायजा एबल या कृष्णवर्णीयाला दीक्षा मिळाली होती, हे पाहता ही माघार अधिकच टोचते. १९६९ मध्ये वायोमिंग विद्यापीठाच्या चौदा कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंनी ब्रिगम यंग विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात निषेध म्हणून काळी फीत बांधायचं ठरवलं, तर प्रशिक्षकाने त्यांना संघातूनच काढलं. बंदी उठली जून १९७८ मध्ये. तिच्या समर्थनार्थ सांगितलेले सिद्धांत संस्थेने २०१३ मध्ये नाकारले, पण बंदीबद्दल स्पष्ट माफी मागितलेली नाही आणि ती मागायला हवी.

आजचा राग मुख्यतः कशावरून?

समलिंगी विवाहावरून सर्वांत जास्त. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात असे विवाह बंद करणाऱ्या जनमतासाठी संस्थेने सदस्यांना पैसा आणि वेळ द्यायला सांगितलं. निकालानंतर मंदिरांबाहेर मोठी निदर्शनं झाली. समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणारा २०१५ चा नियम २०१९ मध्ये मागे घ्यावा लागला. मधल्या काळात किती घरं दुभंगली, हे त्या समाजातले लोकच सांगतात.

दुसरं, पैसा. सदस्य उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतात, पण हिशेब त्यांना दाखवला जात नाही. गुंतवणूक तेरा कागदी कंपन्यांच्या आड दडवल्याबद्दल अमेरिकी शेअर बाजार नियामकाने २०२३ मध्ये संस्थेला आणि तिच्या गुंतवणूक कंपनीला मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला.

तिसरं, मृतांच्या नावाने जिवंत सदस्याला दिला जाणारा बाप्तिस्मा. नाझी छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंच्या नावानेही तो केला गेला. १९९५ मध्ये हे थांबवण्याचा करार होऊनही २०१२ मध्ये ॲन फ्रँकचं नाव पुन्हा निघालं.

आणि संस्था सोडलेल्यांचा राग. त्यांना इतिहासाच्या अडचणीच्या गोष्टी घरात नव्हे, इंटरनेटवर कळल्या आणि प्रश्न विचारल्यावर नातेवाईक दुरावले. मला सगळ्यांत खरी वाटते ती ही टीका, कारण ती आतून आलेली आहे.

टीका कुठे संपते आणि द्वेष कुठे सुरू होतो?

संस्थेच्या निर्णयांवर, पैशावर, नेत्यांवर बोलावं तेवढं थोडं. पण दारात आलेल्या एकोणीस वर्षांच्या मिशनरी पोराला त्यासाठी शिव्या घालणं ही टीका नव्हे. १९८९ मध्ये बोलिव्हियातल्या ला पाझ इथे दोन तरुण मिशनऱ्यांना अमेरिकेचे हस्तक समजून गोळ्या घातल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मिशिगनच्या ग्रँड ब्लँक इथे रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी एकाने चर्चवर गाडी घातली, गोळीबार केला आणि इमारत पेटवली. चार जणांचा जीव गेला. तिथे बसलेल्या कुटुंबांनी कुणाचा छापखाना फोडला नव्हता की कुणाचा विवाह अडवला नव्हता.

भारतात मॉर्मन आहेत का? इथेही त्यांना विरोध झाला का?

झाला, आणि त्यातला एक प्रसंग पुण्याचा आहे. ह्यू फिंडले नावाचा मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला. वर्तमानपत्रांनी आणि पाद्र्यांनी त्याच्यावर झोड उठवली, लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रचार करायला मनाई केली. तो पुण्याला गेला. तिथेही कॅन्टोन्मेंटची तीच अडवणूक, तरी त्याने छोटीशी शाखा उभी केली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक, तेही मुख्यतः ब्रिटिश लष्कराशी संबंधित. थोड्याच वर्षांत ती मोहीम आटोपली. आज देशात त्यांचे सदस्य अगदी थोडे, त्यातही दक्षिणेत जास्त. बंगळुरूला भारतातलं पहिलं मॉर्मन मंदिर बांधण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली आणि २०२० च्या डिसेंबरात भूमिपूजन पार पडलं.

यूटात राहणाऱ्या मराठी मंडळींना उलट बाजूही माहीत असते. स्पॅनिश फोर्क गावातल्या राधाकृष्ण मंदिराला बांधकामाच्या वेळी मॉर्मन संस्थेने देणगी दिली होती, आणि तिथल्या होळीला रंग उधळायला येणाऱ्या हजारो तरुणांत मॉर्मन विद्यार्थ्यांचाच भरणा मोठा असतो.